मधल्या फळीवरचे औषध

मी एक जुना फ्रीज आहे. एके काळी माझा रंग पांढरा होता, आता त्याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा. दाराचे रबर सैल झाले आहे, हँडल तारेने बांधलेले आहे आणि माझी वायर कोणीतरी तांब्यासाठी कापून नेली आहे. सध्या मी एका भंगारवाल्याच्या आवारात मोडक्या सायकली आणि गंजलेले कूलर यांच्या शेजारी उभा असतो. माझ्या खालच्या खणात भंगारवाल्याची मांजर झोपते. तिला लवकरच पिल्ले होणार, असा माझा अंदाज आहे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फ्रीजला कसले आले आहे आयुष्य? भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि आतले सामान गार ठेवायचे. बरीच वर्षे माझेही हेच मत होते. पण माझ्यावरून एका घराची पारख झाली, आणि ती फार चुकीची झाली. तेव्हापासून कोणी ऐकायला भेटले की मी सांगू लागतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे अंग केले, पाठीला नळ्या जोडल्या आणि पोटात फळ्या बसवल्या. पहिल्यांदा अंगात वीज शिरली तेव्हा मी असा थरथरलो की तपासणारा कामगार हसला. त्याने माझ्या आत हात घालून पाहिले, मान डोलावली आणि दारावर एक चिकटपट्टी लावली. पास झाल्याचा तो आनंद मला अजून आठवतो.

पहिल्यांदा मी एका श्रीमंत घरी गेलो. तिथली मुले दिवसातून वीस वेळा माझे दार उघडत, आत टक लावून पाहत आणि ‘घरात खायला काहीच नाही’ म्हणून दार आपटत. त्या वेळी माझ्यात एका लग्नघराला पुरेल एवढे अन्न असे. त्यातले निम्मे नासायचे आणि कचऱ्यात जायचे. मला वाईट वाटे, पण फ्रीजचे मत कोण विचारतो? पुढे त्यांनी दोन दारांचा नवा फ्रीज आणला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली.

त्या दुकानात एके दिवशी दोन बायका आल्या. एक सरकारी दवाखान्यातली सिस्टर होती. दुसरी कपड्यांच्या कारखान्यात काजे करणारी बाई होती. शर्टाला बटण अडकवायची जी भोके असतात, ती काजे. तिच्या केसांत रंगीत धाग्यांचे तुकडे अडकलेले होते.

दुकानदार माझे गुणगान करू लागला. “बर्फ काय झकास जमतो बघा याच्यात.”

“बर्फ नकोय आम्हाला,” सिस्टर म्हणाली. “याच्यात इन्सुलिन ठेवायचंय. आधी चालू करून दाखवा.”

तिने माझ्यात हात घातला. बराच वेळ तो तसाच ठेवला आणि म्हणाली, “चालेल.”

काजवालीला मधुमेह होता. रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घेतल्याशिवाय तिला जगणे शक्य नव्हते. हे औषध गार जागेत ठेवावे लागते आणि तिचे घर पत्र्याचे होते. उन्हाळ्यात त्या घरात मेणबत्तीसुद्धा वाकायची. म्हणून तिने काटकसर करून मला घरी आणले. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. मी त्या घरात चैन म्हणून आलो नव्हतो.

दोनच खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत निजायचे आणि आतल्या खोलीत स्वयंपाक करायचा. आतल्या खोलीत ओट्याच्या बाजूला मला जागा मिळाली. घरात काजवाली आणि तिच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी. मुलींच्या बापाविषयी कोणी काही बोलत नसे, म्हणून मीही बोलत नाही.

पहिल्याच दिवशी सिस्टर घरी आली आणि तिने सगळ्यांना माझ्यासमोर उभे केले. “हे औषध उन्हाला भितं आणि बर्फालाही भितं,” ती म्हणाली. “म्हणून मधल्या फळीवर ठेवायचं, पुढच्या बाजूला. बर्फाच्या खणाजवळ न्यायचं नाही. आणि हे बटण तीनवर. कुणी फिरवायचं नाही.”

धाकटीने लगेच विचारले, “फिरवलं तर?”

“तर मी तुझे कान फिरवीन.”

धाकटीने दोन्ही कान झाकून घेतले. त्या घरात मी पहिल्यांदा हसू ऐकले ते तेव्हा.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. काजवालीकडे सरकारी विम्याचे कार्ड होते. त्यावर तिला औषधाच्या बाटल्या मिळत, सुया मिळत, रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या मिळत. त्याच कार्डावर धान्याची, दुधाची आणि अंड्यांची कुपने असत. कुपनांचे सामान आले की मी भरून जायचो. सिस्टर दर महिन्याला यायची, बाटली उजेडात धरून बघायची, काजवालीचे पाय तपासायची, आणि चहा नको नको म्हणत दोन कप प्यायची. शेजारचे इस्त्रीवाले काका आपले दूध माझ्यात ठेवायचे. गल्लीत कुणाचा पाय मुरगळला की बर्फ माझ्याकडून जायचा. कौतुक कुणाला नको असते? मला तर फार आवडायचे.

काजवाली सकाळ-संध्याकाळ माझे दार उघडायची, बाटली काढायची आणि दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू फिरवायची. पांढुरके औषध दुधासारखे एकसारखे झाले की सुईत भरायची. ते करताना ती मुलींना पाढे म्हणायला लावायची. सुई टोचायच्या वेळी पाढा नेमका तेराचा असायचा आणि धाकटी नेमकी तिथेच अडखळायची.

माझ्या डोक्यावर एक रेडिओ होता. त्याचे ओझे मला कधी वाटले नाही, बातम्यांचे मात्र वाटू लागले. सरकारने खर्चाला कात्री लावायची ठरवली होती. आरोग्य विमा आणि धान्याची मदत यांवर फार पैसा जातो, नको त्या लोकांना फायदा मिळतो, असे कोणीतरी भारदस्त आवाजात सांगत होते. आकडे इतके मोठे होते की मला काही कळले नाही. काजवाली भांडी घासता घासता म्हणाली, “नको ते लोक म्हणजे कोण गं?” थोरली म्हणाली, “आपण नाही. आपल्याला तर लागतंच ना.”

पण कात्री आमच्याच घरापासून चालू झाली. आधी साखर तपासायच्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या. मग एका दुपारी सिस्टर आली. तिने बाटली उजेडात धरली, पाय तपासले आणि चहासाठी नाही म्हटले नाही. कप हातात तसाच धरून ती म्हणाली, “माझं पदच काढलंय. एकटीचं नाही, घरोघर जाणाऱ्या सगळ्याच जणींचं. पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही.”

“मग आम्ही विचारायचं कुणाला?” काजवालीने विचारले.

सिस्टरने कप खाली ठेवला आणि ती उठली. जाताना माझ्या बटणाकडे एकदा बघून गेली. ते तीनवरच होते.

मग नवा नियम आला. मदतीची यादी लहान करायची होती, आणि खरा गरजू कोण हे ओळखायची एक सोपी खूण कोणाच्या तरी डोक्यातून निघाली होती. ज्याच्या घरात फ्रीज आहे तो गरीब नाही. तपासनीस घरोघर येणार, आणि फ्रीज दिसला की त्या घराचे कार्ड बंद. धान्यही बंद आणि विमाही बंद.

मित्रांनो, रेडिओने ही बातमी माझ्या डोक्यावर बसून सांगितली. त्या दिवशी घरात पहिल्यांदाच तिघींनी माझ्याकडे एकदम पाहिले, आणि त्या पाहण्यात माया नव्हती. मला लपून बसावेसे वाटले. पण माझ्या आकाराच्या जिवाने लपायचे तरी कुठे?

अख्ख्या गल्लीत लपवालपवी सुरू झाली. कुणी फ्रीजवर चादर टाकून वर फुलदाणी ठेवली. कुणी तो आडवा करून त्यावर गादी घातली. एका आजोबांनी तर घाबरून आपल्या टीव्हीलाही रजई पांघरून खाटेवर निजवले आणि कुणी विचारले तर पाहुण्याला ताप आला आहे असे सांगायचे ठरवले. टीव्हीचा नियमात उल्लेखच नव्हता. चार दिवस गल्ली हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

इस्त्रीवाले काका आले. “माझ्या दुकानात नेऊन ठेव त्याला, कपड्यांच्या गठ्ठ्यांमागं. कुणाला पत्ता लागायचा नाही.”

“आणि औषध, काका?” काजवाली म्हणाली. “सकाळी उठल्या उठल्या सुई लागते मला. तुमचं दुकान उघडतं किती वाजता? आणि इस्त्रीच्या धगीत तो गार तरी राहील का?”

“मग विकून टाक.”

“विकला तर औषध नासेल. ठेवला तर औषध मिळणार नाही.” ती ओट्याला टेकून उभी राहिली. “माणसानं करायचं तरी काय हो?”

काका मान हलवत दुकानाकडे वळले.

युक्ती अखेर काजवालीनेच काढली. तपासनीस दिवसा येतात, मग दिवसा मी कपाट व्हायचे आणि रात्री फ्रीज. सकाळी माझी वायर काढून ती मागे सारायची. तिघींचे कपडे माझ्यात गच्च भरायचे. कुणी विचारले तर म्हणायचे, केव्हाचा बिघडलाय, फेकवत नाही म्हणून कपडे ठेवतो. दिवसभर बंद राहिल्यामुळे औषध तापू नये, म्हणून रात्री बटण सातवर न्यायचे. सात म्हणजे माझ्या थंडीची हद्द. हे बटणाचे काम तिने थोरलीवर सोपवले. “विसरायचं नाही हं. तुझ्या भरवशावर आहे मी.”

थोरली एकही दिवस विसरली नाही.

पहिले काही दिवस घरात गंमतच होती. रात्रभर माझ्या पोटात राहिलेले कपडे सकाळी दमट आणि गारेगार निघत. बाहेर ऊन भाजत असताना धाकटी गार फ्रॉक घालून गल्लीभर मिरवायची आणि मैत्रिणींना हात लावायला द्यायची. पुढे तिला सर्दी झाली, तेव्हा तिचे फ्रॉक बाहेर दोरीवर गेले. दूध मात्र माझ्यात ठेवता येईना. कुपनाचे दूध संध्याकाळपर्यंत फाटायचे आणि अंडी लवकर खाऊन टाकावी लागायची.

आणि औषध? मधली फळी कपड्यांनी भरली होती. ढकलाढकलीत बाटल्या मागे सरकल्या आणि तिथून वर, बर्फाच्या खणाला टेकल्या. रात्री सातवर मी जीव तोडून चालायचो. मला तेवढेच येते. पहाटेपर्यंत बाटल्यांतले औषध गोठायचे. दिवसा पत्रा तापला की ते विरघळायचे आणि कोमट व्हायचे. रात्री पुन्हा गोठायचे. उन्हाला भिणारे आणि बर्फाला भिणारे ते औषध, त्याच्या नशिबी रोज दोन्ही आले. मला सगळे समजत होते. पण मित्रांनो, मला फक्त घरघरता येते, आणि माझ्या घरघरण्याकडे त्या घरात कुणाचे लक्ष जायचे नाही.

वायर पहाटेच निघायची, म्हणून काजवाली सकाळी बाटली काढायची तोवर ती विरघळू लागलेली असायची. ती तळव्यांत फिरवायची, पण आता औषध एकसारखे होत नव्हते. बारीक बारीक कण तसेच राहायचे. “जास्त हलवायला हवंय वाटतं,” असे म्हणून ती आणखी फिरवायची आणि सुई भरायची. सिस्टर असती तर एकदा उजेडात धरून तिने ती बाटली मोरीत ओतली असती. सुई रोज टोचली जात होती, पण अंगात औषध जात नव्हते.

काजवालीला फार तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या ती पाणी प्यायची. “काय हा उन्हाळा,” म्हणायची. ब्लाउज सैल झाला, तेव्हा म्हणायची, “बरं झालं, कारखान्याचे दोन जिने चढायला हलकं वाटतं.” कारखान्यात तिची काजे वाकडी जाऊ लागली, कारण तिला सुईचे नेढे धूसर दिसायचे. साखर तपासायला घरात एकही पट्टी नव्हती. आणि सुई तर ती रोज वेळेवर घेत होती, मग साखरेची शंका तिला यावी कशी?

अखेर तपासनीस आला. भर दुपारची वेळ होती. काजवालीला त्या दिवशी उठवत नव्हते, म्हणून ती घरीच होती. तपासनिसाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने दोन्ही खोल्यांत नजर फिरवली आणि तो माझ्यासमोर येऊन थांबला.

“हा फ्रीज?”

“बिघडलाय हो तो. कपडे ठेवतो आम्ही.”

“कधीपासून?”

“झाली की वर्षं.”

त्याने माझे दार उघडले. कपड्यांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि तो तिथेच थबकला. आतले कपडे अजून गार होते. त्या तापलेल्या घरात दुसरे काहीच गार नव्हते. धाकटी पटकन म्हणाली, “आमचे कपडे असेच असतात.”

तपासनिसाचा हात आणखी मागे गेला आणि बाटल्यांना लागला. त्याने त्या पाहिल्या, मग काजवालीच्या तोंडाकडे पाहिले. ते तोंड फार उतरले होते. क्षणभर त्याला काहीतरी विचारायचे आहे असे मला वाटले. त्याने विचारले नाही. दार हलक्या हाताने लावले आणि म्हणाला, “कपाट बरं आहे. जपून ठेवा.” मग बाहेर जाऊन चपला घातल्या आणि पुढच्या घरी गेला.

तो भला माणूस होता. त्या गल्लीत अनेकांची कार्डे बंद झाली, पण आमचे चालू राहिले. संध्याकाळी घरात आनंदीआनंद झाला. कपडे बाहेर निघाले. काजवालीने बाटल्या पुसून मधल्या फळीवर पुढच्या बाजूला मांडल्या आणि थोरलीने बटण तीनवर आणले. सगळे जागच्या जागी आले. फक्त ते औषध आता औषध राहिले नव्हते.

दोन दिवसांनी सकाळी काजवालीला उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालू लागला. तिला नीट बोलता येईना. इस्त्रीवाल्या काकांनी रिक्षा आणली आणि तिला उचलून आत ठेवले. थोरलीने सगळ्यात आधी विम्याचे कार्ड घेतले. एवढ्या धडपडीने वाचवलेले कार्ड तिने छातीशी धरले होते. त्या कार्डामुळे दवाखान्याने काजवालीला लगेच आत घेतले. उपचार झाले, पण उशीर झाला होता. ती परत आली नाही.

काही दिवसांनी सिस्टर भेटायला आली. आता ती एका चपलांच्या दुकानात काम करत होती. ती मुलींना जवळ घेऊन बराच वेळ बसली. मग पाणी घ्यायला उठली आणि सवयीने माझे दार उघडून तिने मधल्या फळीवरची बाटली उजेडात धरली. बाटलीत कण तरंगत होते.

“काय गं,” तिने थोरलीला अगदी हळू विचारले, “याचं बटण कितीवर असायचं?”

थोरलीने सगळे सांगितले. कपाटाची युक्ती सांगितली, तपासनिसाला कसे फसवले ते सांगितले. “आणि रात्री सातवर करायचं काम माझं होतं. मी एकदाही विसरले नाही, सिस्टर. आई रोज सुई घेत होती. मग असं कसं झालं?”

सिस्टरने सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि आपल्या पिशवीत टाकल्या.

“तू सगळं नीट केलंस गं,” ती म्हणाली. “आजारच वाईट होता.”

गल्लीच्या वळणावर जाऊन ती रडली असे मी नंतर ऐकले. थोरलीला कोणी काही सांगितले नाही. अजूनही सांगितलेले नसावे, अशी मी मनोमन इच्छा करतो.

मुलींना मावशी घेऊन गेली. भांडी नेली, अंथरूण नेले, रेडिओ नेला. मला न्यायचा विषय निघाला तेव्हा मावशी दचकली. “नको गं बाई. आमच्याकडं अजून तपासणी व्हायचीय.” म्हणून मी इथे आलो.

मित्रांनो, माझे दार हळू लावा, मला वेळेवर पुसा, असे काही सांगायला मी ही गोष्ट सांगितली नाही. माझे दिवस भरले आहेत. पण तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी खुर्चीत बसून कुणाला मदत द्यायची आणि कुणाची काढायची ते ठरवील. तेव्हा माझी आठवण ठेवा. घरात काय वस्तू आहे एवढेच पाहून परत फिरू नका. ती कशासाठी आणली ते त्या घरातल्या बाईला विचारा, आणि ती सांगेल ते खाली बसून ऐका. आमच्या घरी कोणी विचारले नाही. विचारले असते तर तिला मला लपवावे लागले नसते, आणि आज संध्याकाळी ती केसांत धागे घेऊन कामावरून घरी आली असती.